घास उतरेना

पहिल्यांदा झालं ते ऑफिसात. इथे जर्मनीत ज्याचा वाढदिवस असतो तोच सगळ्यांसाठी केक आणतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने चीजकेक आणला होता, चावायचीसुद्धा गरज नाही इतका मऊ. मी एक घास तोंडात घेतला, गिळायला गेले आणि घसा हललाच नाही. दुखलं नाही, ठसका लागला नाही. घास जिभेवर तसाच पडून राहिला. गिळायचं कसं हेच मी विसरले होते. हसून मान डोलावली, टॉयलेटमध्ये जाऊन थुंकले आणि आरशात आ करून पाहिलं. आत काहीच वेगळं दिसत नव्हतं. 

मी मंजिरी, वय त्रेचाळीस. मूळची सांगलीची, गेली चौदा वर्षं न्युरेम्बर्गमध्ये. गाड्यांच्या ब्रेकचे भाग तुटेपर्यंत तपासायचे, हे माझं काम. नवरा समीर आयटीत आहे, मुलगी ईरा बारा वर्षांची. आजारी असताना मी मराठीत काहीतरी शोधत होते, असं कुणाला झालंय का, तो माणूस जगला का. आल्याचा रस आणि मधाचे उपाय सोडून काही मिळालं नाही. म्हणून हे लिहितेय.

*

त्यानंतर एकेक पदार्थ सुटत गेला. आधी पोळी, मग भात. मग वरणसुद्धा गाळून प्यायला लागले. जुलैपर्यंत सूप आणि ताक एवढंच राहिलं, आणि तेही एका वाटीला पाऊण तास. प्रत्येक घोटाआधी छातीत धडधडायचं. हा अडकला तर? श्वासनळीत गेला तर? घरी कुणी नसताना पाणी प्यायचीसुद्धा मला भीती वाटायची. ग्लास हातात घेऊन मी दाराजवळ उभी राहायची, म्हणजे काही झालं तर जिन्यात पळता येईल.

तपासण्या सगळ्या झाल्या. घशातून कॅमेरा गेला, अन्ननलिकेचा दाब मोजला, मेंदूचा एमआरआय झाला, एका न्यूरॉलॉजिस्टने जीभ बाहेर काढायला लावून ती मिनिटभर नुसती पाहिली. ते मिनिट मी कधी विसरणार नाही. घरी येऊन जीभ थरथरण्याने सुरू होणारे सगळे आजार वाचून काढले. एकातूनही माणूस वाचत नव्हता.

प्रत्येक रिपोर्टखाली तेच दोन शब्द: ओने बेफुंड. काहीही सापडलं नाही.

शेवटी हॉस्पिटलमधल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. तोवर माझं अकरा किलो वजन गेलं होतं. ते म्हणाले, "शरीरात बिघाड नाही. आम्हाला हे सायकोसोमॅटिक, मनातून शरीरात उतरलेलं वाटतं. तुम्ही त्या विभागाच्या क्लिनिकमध्ये काही आठवडे दाखल व्हावं."

समीरने माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हणजे ही चांगलीच बातमी आहे ना, मंजू? कॅन्सर नाही, काही नाही."

मी हो म्हटलं. त्याला कसं सांगणार होते की मी तोवर कॅन्सर मनाशी पक्का करून टाकला होता, आणि त्याची मला कमी भीती वाटत होती. कॅन्सर असता तर तो कुठेतरी असता. दाखवता आला असता, कापता आला असता. आता डॉक्टर सांगत होते की मला उपाशी मारणारं दुसरं कुणी नाही, मीच आहे. आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

*

घरात त्या दिवसांत कसं होतं ते लिहायला नको वाटतं, पण ज्यांच्या घरी असं चाललंय त्यांना ते ओळखीचं वाटेल.

समीर आधी प्रेमाने म्हणायचा, "एक घास, मंजू. मन घट्ट कर." निदानानंतर त्याच वाक्याचा सूर बदलला. शरीरात काही नाही म्हटल्यावर त्याला वाटायला लागलं की मी ठरवलं तर खाईन. एकदा त्याने केलेली मऊ खिचडी मी तोंडातून परत ताटात काढली, तेव्हा तो उठला, ताट सिंकमध्ये टाकलं आणि म्हणाला, "तू प्रयत्नच करत नाहीस." नंतर सॉरी म्हणाला. पण तेव्हापासून तो बाल्कनीत उभं राहून जेवायचा. माझ्यासमोर जेवायची त्याला लाज वाटायची.

ईराला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनच. एका संध्याकाळी होमवर्क करता करता मान वर न करता तिने विचारलं, "ममा, श्टिर्ब्स्ट डू?" तू मरणार आहेस का?

"नाही गं, वेडी. बरी होणारे मी."

"डू लूग्स्ट," ती म्हणाली. खोटं बोलतेस. आणि पुन्हा गणित सोडवायला लागली.

*

क्लिनिक न्युरेम्बर्गपासून दीड तासावर, एका लहान गावात होतं. सकाळी उपाशीपोटी वजन, मग डॉक्टरांचा राउंड, मग गटाची बैठक. दुपारी शरीराचा वर्ग: चादरीवर आडवं पडायचं आणि पायाच्या अंगठ्यापासून वर येत काय जाणवतं ते सांगायचं. मला खांद्यांपर्यंत सगळं जाणवायचं. मग एकदम डोकं. मधला भाग नव्हताच. हे मी सांगितलं तेव्हा वर्ग घेणाऱ्या बाई नुसत्या "अच्छा" म्हणाल्या, आणि मला धडकी भरली.

जेवायला टेबलं ठरलेली होती. माझ्या टेबलावर व्होल्फ नावाचे साठीचे गृहस्थ होते, सगळे त्यांना हेर, म्हणजे श्रीयुत, व्होल्फ म्हणायचे. आयुष्यभर क्रेन चालवली, आणि एका सकाळी पाय हलेनात. व्हीलचेअरवर असायचे, त्यांचेही सगळे रिपोर्ट ओने बेफुंड. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या सूपकडे बघून विचारलं, "घसा?" मी मान हलवली. त्यांनी मांडीवर थाप मारली. "पाय." एवढीच ओळख. पण त्यांचं ताट संपलं तरी ते उठायचे नाहीत. हॉल रिकामा व्हायचा, कर्मचारी टेबलं पुसायला लागायचे, आणि हेर व्होल्फ माझी वाटी संपेपर्यंत वर्तमानपत्र उलटंपालटं करत बसायचे. कधी एक शब्द बोलले नाहीत त्याबद्दल.

आठवड्यातून तीनदा फ्राऊ लिंडनरकडे, म्हणजे लिंडनरबाईंकडे, जायचं असे. त्या मनोविश्लेषक. पन्नाशीच्या, उंच, पांढरे केस आखूड कापलेले. पहिल्या दिवशी मी त्यांना इंजिनिअरसारखं विचारलं, "नेमका कुठला भाग बिघडलाय?"

"भाग बिघडलेला नाही."

"म्हणजे मी नाटक करतेय?"

"नाही. नाटक माणूस हवं तेव्हा थांबवू शकतो. तुम्हाला थांबवता येतंय का?"

कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि तरी मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी विचारलं, वर्षभरात काही घडलं का. मी म्हटलं, फेब्रुवारीत वडील गेले, पक्षाघाताने आजारी होते. पुढे त्या गप्प बसल्या, मीही. त्यांचं हे गप्प बसणं मला सहन व्हायचं नाही. आमच्या लॅबमध्ये मशीन गप्प झालं की काहीतरी तुटलेलं असतं.

एकदा चिडून मी म्हटलं, "तुम्ही काही करतच नाही."

त्या म्हणाल्या, "काही दुःखांना शब्द मिळत नाहीत, तेव्हा शरीर ती उचलून धरतं. शरीराकडून ती ओढून काढायची घाई मला नाही. तुम्ही त्यांच्याशिवाय उभ्या राहू शकाल का, ते मला आधी कळायला हवं."

तेव्हा मला हे पुस्तकी वाटलं. आज वाटत नाही.

*

तिसऱ्या आठवड्यात मी दही खाल्लं. वजन तीनशे ग्रॅम वाढलं. आणि चौथ्या आठवड्यात फ्राऊ लिंडनर सुट्टीवर गेल्या. आठच दिवस. त्यांनी आधीच सांगितलं होतं, बदली डॉक्टरही दिले होते. मी म्हटलं, मजा करा.

दुसऱ्या दिवशी सूप बंद झालं. चौथ्या दिवशी पाणी. घोट तोंडात घ्यायचा आणि घसा लोखंडी झाकणासारखा बंद. हाताला सलाईन लावलं. ओठ फाटले. राउंडला आलेले तरुण डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, "फ्राऊ कुलकर्णी, असंच राहिलं तर उद्या आपल्याला नाकातून नळी घालावी लागेल. काही दिवसच. पोटात अन्न जायला हवं."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी सलाईनची सुई काढली. कॉरिडॉरमध्ये रक्ताचे थेंब पडत होते. मोजे घालून मी बाहेर पार्किंगपर्यंत गेले, आणि तिथे एका गाडीच्या चाकाशी बसले. नर्स मागे धावत आली. मी तिला सारखं एकच सांगत होते, नळी नको, नळी नको. मराठीत. तिला काही कळत नव्हतं. तिने स्वतःचा स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि शेजारी जमिनीवर बसली.

नळी त्यांनी घातली नाही, सलाईनवरच ठेवलं. तीन दिवसांनी फ्राऊ लिंडनर परत आल्या. त्यांनी माझ्या फाटलेल्या ओठांकडे पाहिलं. म्हणाल्या, "मी गेले. आणि तुमचा घसा बंद झाला. फेब्रुवारीत कोण गेलं होतं?"

"वडील. सांगितलंय मी."

"ते जाण्याआधी काय झालं?"

मी जर्मनमध्ये सुरुवात केली, जमेना. त्या म्हणाल्या, "तुमच्या भाषेत सांगा. मला कळणार नाही. चालेल."

आणि मी त्या उंच जर्मन बाईला, जिला माझा एकही शब्द समजत नव्हता, मराठीत सगळं सांगितलं.

*

अप्पांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी दोन आठवडे सांगलीला गेले होते. आई आधीच गेलेली, अप्पा दादाकडे असायचे. त्यांची वाचा गेली होती, गिळणं गेलं होतं. नाकात नळी. दादाचं औषधांचं दुकान आहे, त्याला सगळं कळतं. त्याने घरात बजावून ठेवलं होतं, तोंडाने एक थेंबही द्यायचा नाही, छातीत जाईल. अप्पांना सांभाळायला नर्सिंग ब्यूरोतून रेखामावशी यायच्या. अतिशय नीटनेटक्या. त्यांनी अप्पांना एकही जखम होऊ दिली नव्हती.

माझ्या निघण्याच्या आदल्या दुपारी दादा दुकानात, वहिनी शाळेत. रेखामावशी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेल्या होत्या. मी अप्पांच्या पलंगाशी बसून शिरा खात होते. अप्पांनी चांगला हात उचलला, बशीकडे केला आणि तोंड उघडलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी तोंड उघडंच ठेवलं.

तीन चमचे दिले. त्यांनी तिन्ही गिळले, डोळे मिटून. चौथ्याला ठसका लागला. चेहरा काळानिळा पडला, डोळे बाहेर आले. मी पाठ चोळत राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग ते शांत झाले. मी त्यांचं तोंड पुसलं, बशी धुऊन ठेवली. रेखामावशी कपडे घेऊन आल्या तेव्हा घरघर ऐकून म्हणाल्या, "ताई, कधीपासून खोकतायत हो?"

"आत्ताच," मी म्हटलं.

मी न्युरेम्बर्गला पोचले त्या दिवशी अप्पांना ताप आला. नऊ दिवसांनी ते गेले. दादाचा फोन आला. रडत होता. म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, अन्न फुप्फुसात गेलं असावं. रेखाने भरवलं असणार, दुसरं कोण? तिला काढून टाकलं. ब्यूरोलाही कळवलंय, हिला पुढे कुठे पाठवू नका."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. हं.

हे मी विसरले होते असं नाही. रोज आठवत होतं. पण घशाशी त्याचा काही संबंध असेल, हे खरंच माझ्या मनात आलं नव्हतं. हसू येईल कुणाला. मी ब्रेक तपासणारी बाई, आणि ही एवढी जवळची गोष्ट दिसली नाही.

*

मराठीत सांगून झाल्यावर मी तेच जर्मनमध्ये सांगितलं, खूप लहान करून. मग विचारलं, "मी मारलं का त्यांना?"

मला हवं होतं की त्यांनी नाही म्हणावं. 

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "अशा पेशंटची स्वतःची लाळसुद्धा छातीत जाते. तुमच्या चार चमच्यांनी झालं की नाही, हे तुम्हालाही कधी कळणार नाही. हे न कळणं फार भयंकर आहे. ते बरोबर घेऊन राहावं लागेल."

आयुष्यात कुणी मला इतकं भीतिदायक वाक्य ऐकवलं नव्हतं. आणि तरी, का कोण जाणे, त्या खोलीत मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

सांगितलं आणि घसा उघडला, असं झालं नाही. तशी आशा धरून कुणी वाचत असेल तर आधीच सांगते. दुसऱ्या दिवशीही पाणी उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी दोन घोट. आठवड्याने दही, मग उकडलेला बटाटा कुस्करून. अप्पांबद्दल आम्ही पुढे कितीतरी तास बोललो. त्यांच्यावरच्या माझ्या रागाबद्दलही, कारण राग होता. त्यांनी तोंड उघडलं होतं. दादाकडे नाही, वहिनीकडे नाही. माझ्याकडे. फ्राऊ लिंडनर म्हणाल्या की अप्पांसारखं न गिळणं म्हणजे त्यांना जवळ धरून ठेवणंही असेल आणि स्वतःला शिक्षाही, दोन्ही एकदम. मी त्याला हो किंवा नाही म्हणू शकत नाही. पण ते ऐकताना माझा हात आपोआप गळ्याशी गेला होता.

समीर रविवारी भेटायला आला तेव्हा त्याला सांगितलं. तो बागेतल्या बाकावर खाली बघत बसला. मग म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं, प्रयत्न करत नाहीस."

"हो."

"मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलंच नव्हतं."

*

रेखामावशींचं काय करायचं, हे फ्राऊ लिंडनर मला सांगत नव्हत्या. मी तीन-तीनदा विचारलं. त्या म्हणायच्या, तुम्हाला काय वाटतं? शेवटी घरी परतल्यावर एका शनिवारी मी दादाला फोन केला. 

त्याने सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"हो."

त्याने फोन ठेवला. सोळा दिवस बोलला नाही. त्या सोळा दिवसांत माझं जेवण पुन्हा सूपवर आलं, आणि मला वाटलं, झालं, परत सगळं पहिल्यापासून. सतराव्या दिवशी वहिनीने रेखामावशींचा नंबर पाठवला, खाली एक ओळ: हे ब्यूरोत जाऊन स्वतः सांगून आले. तू तिच्याशी तुझं तू बोल.

मी बोलले. रेखामावशींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "ताई, मला माहीत होतं. ओटा ओला होता, बशी धुतलेली. तुम्ही आल्यापासून एकदाही बशी धुतली नव्हती."

"मग तुम्ही दादाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. त्यांना खरं नाही वाटलं. ते म्हणाले, माझी बहीण असं करणार नाही."

मला हे माहीत नव्हतं. मी माफी मागितली. त्या माफ केलं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं काम काय, आज ना उद्या मिळेल. पण माझी अश्विनी नर्सिंगला आहे. तिला वाटतं मीच भरवलं. मला शिकवते, आई, पेशंटला असं द्यायचं नसतं. तिला सांगा तुम्ही. माझं ती ऐकत नाही."

*

आता मी जेवते. हळू, लहान घास, गर्दीत अजूनही नाही. काही दिवस घसा पुन्हा आवळतो आणि तीच जुनी भीती दारात उभी राहते. मग मी समीरला सांगते की आज तसं आहे, आणि तो माझ्यासमोर बसून जेवतो. फ्राऊ लिंडनरनी सुचवलेल्या एका थेरपिस्ट बाईंकडे न्युरेम्बर्गमध्येच आठवड्यातून दोनदा जाते. हेर व्होल्फ काठी टेकत चालतात, असं त्यांनी कार्डावर लिहिलं होतं. ज्यांचे रिपोर्ट कोरे आलेत आणि तरी शरीर ऐकत नाही, त्यांना मी एवढंच सांगेन की तुम्ही खोटं बोलत नाही आहात. आणि यात जी भीती वाटते ती मूर्खपणाची नाही. मला अजून वाटते.

अश्विनीला फोन केला तेव्हा आमच्याकडे दुपार होती.  एका एकोणीस वर्षांच्या, कधी न पाहिलेल्या मुलीची मला दादापेक्षा जास्त भीती वाटत होती.

"मी मंजिरी. तुझी आई ज्यांच्याकडे होती, त्या अप्पांची मुलगी."

"हां. आई म्हणाली होती, फोन येईल."

मी सांगितलं. शिरा, गच्ची, बशी, माझं ते 'आत्ताच'. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"किती चमचे?" तिने विचारलं.

"तीन. चौथ्याला ठसका लागला."

"बसवलं होतं का त्यांना?"

"उशीला टेकून. अर्धवट."

"मान पुढे होती की मागे?"

मला सगळं दिसलं. उशी, पांढरी खुरटी दाढी, उघडं तोंड. "मागे."

 तिच्या घरात मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता.

"आई सांगत होती," ती म्हणाली. "मी नाही दिलं, मी नाही दिलं. कितीदा सांगत होती. मी तिला म्हटलं, चूक झाली तर झाली म्हणावं, नर्सने खोटं बोलू नये."

"ती खरंच सांगत होती," मी म्हटलं.

"ठेवते," ती म्हणाली. पण फोन लगेच बंद झाला नाही. तिच्या खुर्चीचा आवाज आला, मग पावलं, आणि भांड्यांचा आवाज थांबला.

"आई," ती म्हणाली.

मी फोन कट केला. पुढचं मी ऐकायचं नव्हतं.